चाकामागचा दगड

"तुमची कितव्या हजारात गेली?"
चिकलठाण्याच्या सर्व्हिस सेंटरात
काचेच्या खोलीत बसलेले आम्ही
असं विचारत होतो एकमेकांना,
जसं दवाखान्याच्या बाकावर विचारतात,
साखर कितीला असते?

परभणीचे मुजाहिदभाई म्हणाले, बेचाळीसला.
भाच्याचा वलीमा, मागं बिर्याणीचे सहा डबे,
आणि झिरो फाट्यावर गाडीनं
दुसरा गिअर धरला तो सोडीचना.
वीसच्या वेगानं पोचलो, साहेब,
लोक हात धुऊन बसले होते.

उदगीरच्या डॉक्टर मोरतळेबाईंची अडुसष्टला.
त्यांच्या गाडीला आता रिव्हर्सच नाही.
"पेशंट बघायला गल्लीत जायचं तर
आधी विचारते, गल्लीला दुसरं तोंड आहे का?"
आम्ही हसलो.
मग हसायला नको होतं असं वाटून
सगळ्यांनी मशीनमधली फुकट कॉफी घेतली.

माझी एकोणचाळीसला.
केजला चष्म्याचं दुकान आहे माझं.
गिऱ्हाईक म्हणालं, अंधुक दिसतंय,
तर मी पुन्हा नंबर काढतो.
तुमच्या डोळ्यांत काही दिसत नाही, असं म्हणत नाही.
इथल्या पोरानं लॅपटॉप जोडला,
म्हणाला, सर, एरर दाखवत नाही.
जालना रोडवर चक्कर मारली,
तर डॉक्टरपुढं नेलेलं पोर खोकायचं विसरतं
तशी वागली गाडी.
शेवटी मीच तोंडानं आवाज काढून दाखवला:
घुर्रर्र, मग टक्, मग काहीच नाही.
ते काहीच नाही मात्र काढता येईना.
त्यानं कागदावर लिहिलं,
ग्राहकास शंका.

गेवराई गेली. बीड गेलं.
पालीच्या पुढं चढ लागला, बिंदुसरेचं पाणी आरशात मागं पडलं,
आणि मांजरसुंब्याच्या घाटात
इंजिन ओरडायला लागलं, काटा चार हजारांवर,
गाडी जागेवर.
मग जागेवरही नाही.
मागं.

पडद्यावर अक्षरं आली, शुद्ध आणि नम्र:
कृपया सुरक्षित जागी थांबा.
पाठीशी सरकीचा ट्रक, डाव्या हाताला दरी.

"ओ भाऊ, निस्त्या ब्रेकाच्या भरवशावर ऱ्हाऊ नका,
दगुड लावा आधी!"
रस्त्याकडेला सीताफळं घेऊन बसलेली बाई.
सगळा बालाघाट समोर उभा
आणि मला दगड दिसेना.
ती उठली. ताडपत्रीच्या कोपऱ्यावरचा
काळा दगड उचलला,
मागच्या चाकाला टेकवून टाचेनं ठोकून बसवला.
मग ताडपत्री फडफडायला लागली,
तर स्वतःच जाऊन त्या कोपऱ्यावर बसली.

"मागल्या हप्त्यात बी अशीच एक व्हती. पांढरी.
त्यातली बाई रडायली होती."
एवढं बोलून एक सीताफळ फोडून दिलं.
क्रेनला साडेतीन तास लागले.
मी बिया मोजल्या, त्रेपन्न,
आणि कस्टमर केअरला चार वेळा
माझं नाव, गाडीचा नंबर,
जवळची खूण सांगितली.
जवळची खूण: एक बाई.

गिअरबॉक्स बदलून मिळाला.
वॉरंटी संपून अकरा दिवस झालेले,
तरी सदिच्छा म्हणून सत्तर टक्के कंपनीनं सोसले,
उरलेल्या तीसचे हप्ते चालू आहेत.
गाडी आता लोण्यासारखी चढते.
एवढी की घाटात थांबायचं
लक्षातच येत नाही, आणि आलं तेव्हा
सीताफळांचा हंगाम सरलेला.
नुसती जागा. ताडपत्रीएवढी, साफ.

परवा सर्व्हिसिंगला टाकली तर
पोरगं डिकी उघडून यादी करत होतं:
स्टेपनी एक, जॅक एक, पान्हा एक.
मग थांबलं.
"सर, हा दगड? फेकू का?"
मी म्हणालो, लिही.
"कशात लिहू?"

लिही, दुसऱ्याचा.
परत द्यायचाय.